आमवातात आधी काय, हाताचा व्यायाम की मनगटाचा पट्टा?

आईला आमवात आहे, पाच वर्षं झाली, डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड म्हणतात. म्हातारपणाच्या गुडघेदुखीसारखा नाही हा, दोन्ही हातांची बोटं सकाळी तासभर वळतच नाहीत. ज्यांच्या घरी हेच चालू आहे अन पैसे कशात घालायचे ते ठरत नाही त्यांच्यासाठी लिहून राहिलो. गोळ्या मात्र मनानं बंद करू नका, व्यायाम काय अन पट्टा काय, दोन्ही गोळ्यांच्या जोडीला.

व्यायाम फुकट आहे पण रोजचा नेम लागतो. आई सकाळी कोमट पाण्याच्या गंजात दहा मिनिटं हात ठेवते, मग मूठ उघडझाप, अंगठा एकेका बोटाला टेकवणं, मनगट वरखाली, शेवटी कणकेचा गोळा दाबणं. फरक कळायला दोन-तीन महिने गेले, पण आता गंजाचं झाकण तिचं ती काढते. ब्रिटनमध्ये 490 पेशंटवर अभ्यास झाला, 2015 मध्ये छापून आला, त्यातही असे व्यायाम करणाऱ्यांचे हात वर्षभरानंतर जास्त चांगले चालत होते. फिजिओवाल्या मॅडमनी सांगितलं, व्यायामानंतर दोन तासांनीही जास्तच दुखत असेल तर उद्या कमी करा, अन सांधा सुजून गरम असेल त्या दिवशी जोर नाही, नुसतं हळूहळू हलवा.

पट्ट्याचा आराम लगेच, म्हणूनच माणूस फसतो. आईनं कापूस वेचताना, झोपताना, सगळीकडं बांधला, मनगट अजूनच आखडलं. मे महिन्यात आमच्याकडं पारा 45 वर, खाली घामोळ्या. भाकर थापताना तर पिठानंच भरतो. आता फक्त हातपंपावर अन पाण्याचा गुंड उचलताना.

खरं काम केलं ते जुन्या सायकलच्या ट्यूबनं. विळ्याच्या अन उलथण्याच्या मुठीला गुंडाळून मूठ जाड केली, बोटं आवळावी लागत नाहीत.

म्हणून माझं मत, व्यायाम आधी, आजपासून. रोज निंदणाला जावंच लागते अन मनगट साथ देत नाही अशा बाईनं पट्टाही सोबतच घ्यावा, पण कामापुरता. दुकानात पेशंटला घेऊनच जा, बांधून मूठ वळवून पाहा, बोटांच्या पेरांवर पट्टा अडत असेल तर तो घेऊ नका.