फातोर्ड्याची मॅच की वास्कोचं भजन?

वाड्यावरच्या एका ताईंचा प्रश्न: धाकटा भाऊ हल्ली गप्प गप्प असतो, जेवणावरही वासना नाही. त्याला गोव्यातल्या फातोर्ड्याच्या स्टेडियमवर फुटबॉलला न्यावं की वास्कोच्या दामोदर सप्ताहाला, म्हणजे देवळातल्या भजनाच्या उत्सवाला?

चार माणसांत मिसळणं दोन्हीकडे होतं. 1998 चा फुटबॉल विश्वचषक फ्रान्समध्ये भरला, तेव्हा तिथे आत्महत्या कमी झाल्याचं अभ्यासात दिसलं. पण ते चित्र अख्ख्या देशाचं. एका माणसाची हमी त्यातून मिळत नाही.

खरा फरक सहभागात आहे. गोल झाला की अनोळखी माणूसही मिठी मारतो, पण शेवटची शिट्टी वाजली की सगळे पार्किंगकडे. सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालतं, पथकं पाळीपाळीने बसतात. हातात झांजा आल्या की त्याची तिथे जागा ठरते आणि तालमीच्या निमित्ताने आधीपासूनच हाका येतात. अर्थात देवाधर्माचं वावडं असेल तर ओढून नेऊ नका.

मॅचनंतरची बाटली मात्र टाळाच. खचलेल्या मनाला दारू घातक.

फुटबॉलवेडा असून नुसता एकटा पडला असेल तर मॅच, तीही ओळखीच्या टोळक्यासोबत. रोज कुणीतरी वाट पाहणारं हवं असेल तर भजन. मरणाची भाषा करत असेल तर दोन्ही राहू द्या. सरळ विचारा, विचारल्याने तसले विचार डोक्यात भरत नाहीत. एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, नाहीतर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत घेऊन जा.