एचओडींचं पत्र की चार आठवड्यांच्या ओळखीचं?

अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या स्पेशालिटी ट्रेनिंगसाठी, ईरास या ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज करायचा असतो. त्यात एका प्रोग्रामला चारच शिफारसपत्रं लावता येतात. तिथल्या लायसन्स परीक्षेतली स्टेप 1 जानेवारी 2022 पासून नुसती पास-नापास झाली, त्यामुळे या चार जागांना आणखीच महत्त्व आलंय. आपल्याकडची मुलं अडतात ती एकाच ठिकाणी. वर्षानुवर्षं नाव कमावलेल्या एचओडींचं, म्हणजे आपल्या विभागप्रमुखांचं पत्र लावायचं, की अमेरिकेतल्या रोटेशनमध्ये महिनाभर ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या अटेंडिंगचं, म्हणजे तिथल्या सीनियर डॉक्टरांचं? इंटर्नल मेडिसिनसाठी मी दोन्ही लावली होती.

एचओडींच्या पत्राची जमेची बाजू खरी आहे. लेटरहेड, हुद्दा आणि आपल्या कॉलेजचा कुणी सीनियर त्या प्रोग्रामला असेल तर ओळखीचं नाव. खर्चही शून्य. पण सर म्हणाले, "मजकूर तू टाइप करून आण, मी सही करतो." आमच्याकडे त्यासाठी एक वर्ड फाइल बॅचमागून बॅच फिरत होती. रात्री बसून मी माझंच कौतुक लिहिलं : सिन्सिअर, हार्डवर्किंग, पंक्च्युअल. सही झाल्यावर लक्षात आलं, तिसऱ्या परिच्छेदात एके ठिकाणी ‘he’च्या जागी ‘she’ तसंच राहिलंय. आदल्या वर्षीच्या मॅडमचं. पुन्हा प्रिंट, पुन्हा केबिनबाहेर उभं राहणं. वर ईरासमध्ये मी इमानेइतबारे टिक केलं होतं, की हे पत्र वाचण्याचा हक्क मी सोडतो!

पुढे अपलोड. ते उमेदवाराला करता येत नाही, पत्र लिहिणाऱ्यानेच पोर्टलवर आपल्या खात्यातून करायचं असतं. सरांचा ईमेल ऑफिसातले क्लार्क बघायचे आणि क्लार्क गणपतीला गावी गेलेले. सप्टेंबर संपत आला की प्रोग्राम अर्ज उघडतात, त्यामुळे ते दहा दिवस मी कसे काढले ते विचारू नका.

अटेंडिंगना मी शेवटच्या आठवड्यात विचारलं, "स्ट्राँग लेटर देऊ शकाल का?" हा ‘स्ट्राँग’ शब्द वापराच, समोरच्याला नाही म्हणायची वाट राहते. त्यांनी सीव्ही मागून घेतला आणि आठवड्यात अपलोड करून टाकलं. आत काय होतं ते मी आजही वाचलेलं नाही. पण दोन इंटरव्ह्यूंमध्ये मला विचारलं गेलं, "गोळ्या अर्ध्या करून खाणाऱ्या त्या आजोबांचं तुझ्या कसं लक्षात आलं?" पैसे पुरवायला ते तसं करत होते; मी शेजारी खुर्ची ओढून बसलो तेव्हा त्यांनी सांगितलं. एचओडींच्या पत्राबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

आता हे माझ्यापुरतं. सर्जरीवाल्यांचा अनुभव वेगळा असू शकेल. रोटेशनचा खर्च आणि व्हिसा सगळ्यांना जमतोच असं नाही, आणि नुसती ऑब्झर्व्हरशिप असेल तर तिथलं पत्रही मोघम येऊ शकतं. तिथे पेशंटला हात लावू देत नाहीत, मग लिहिणार तरी काय?

तरी पुन्हा अर्ज भरायचा झाला तर माझ्या दोन अमेरिकन पत्रांची मी तीन करीन आणि एचओडींची जागा त्यात जाईल. चौथं मात्र तेच ठेवीन, युनिटच्या असिस्टंट प्रोफेसर मॅडमचं. डेंग्यूच्या सीझनमध्ये माझ्या रात्रीच्या ड्युट्या त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांनी ड्राफ्ट मागितला नाही. एका दुपारी मेसेज आला, "केलं रे अपलोड. जेवलास का?"