नदीची वाळू की क्रश सँड?

काँक्रीटपुरता पुण्यात हा वाद उरलेला नाही. वाघोली-मोशीकडची, काळा दगड फोडून केलेली क्रश सँड घ्या. दाणा कोनदार, पकड चांगली. पण पाणी जास्त मागते, आणि मिस्त्री लगेच पाइप सोडतो. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला पाणी २५ लिटरच्या वर जाऊ देऊ नका. सँडमधला ओलावाही त्यातच धरा.

खरी अडचण प्लास्टरची. नदीच्या वाळूचा दाणा गोल, त्यामुळे थापी लोण्यासारखी फिरते. मात्र माती तपासाच. काचेच्या ग्लासात अर्धी वाळू, वर चिमूटभर मीठ घातलेलं पाणी. जोरात हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ वाळूच्या थराच्या ८ टक्क्यांहून जाड दिसला, तर गाडी परत. शिवाय ओली वाळू फुगते, कधी २५ टक्क्यांपर्यंत. ब्रासवर, म्हणजे १०० घनफुटांच्या मापाने घेताना तेवढ्या हवेचेही पैसे जातात.

क्रश सँडच लावायची तर धुतलेली ‘प्लास्टर सँड’ मागा. काँक्रीटची सँड चाळून भागवली की खाली उरते भुकटी, म्हणजे डस्ट, आणि महिन्याभरात भिंतीवर केसाएवढ्या भेगांचं जाळं. डस्ट म्हणजे सँड नव्हे, पुरवठादार काहीही म्हणो. बाहेरून १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग सँड), आणि सात दिवस पाणी मारा.