आरशासारखा सिलिंडर की होनिंगच्या रेघांचा?
इंजिनच्या सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत केली की घर्षण सर्वांत कमी होईल, असे सहज वाटते. प्रत्यक्षात अशा भिंतीवर तेल टिकत नाही आणि पिस्टनची रिंग धातूवर जवळजवळ कोरडीच घासते. याउलट होनिंगने, म्हणजे घासणारे बारीक दगड आतून फिरवून, पाडलेल्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघांत तेल साठून राहते, आणि पिस्टन क्षणभर थांबतो त्या वरच्या टोकाला, जिथे तेलाचा थर सर्वांत पातळ होतो, तिथेही ते रिंगला मिळते. रेघा फार खोल असल्या तर मात्र तेल जळते. म्हणून उंचवट्यांची टोके सपाट करून दऱ्या तेवढ्या राखणारे प्लेटो होनिंग मला सरस वाटते. तेल कितीही उंची असले, तरी गुळगुळीत भिंतीची ही उणीव ते पूर्णपणे भरून काढत नाही.