आजोबांची लढाईतली पत्रे आणि रत्नागिरीतील फ्रेमचे दुकान

जुने कागद जतन करून घ्यायचे असतील, तर बाजारपेठेतील या लहानशा फ्रेमच्या दुकानात निर्धास्तपणे जावे, असे मी अनुभवाने सांगतो.

आमचे आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत होते. सप्टेंबर १९४३ मध्ये आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर ते इटलीतील तारांतो बंदरात उतरले आणि ९ एप्रिल १९४५ रोजी, ज्या लढाईत शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवले, त्या सेनियो नदीवरील लढाईतही होते. पत्रांत मात्र यातले काहीच नसे. सेन्सॉरमुळे ठिकाण लिहिता येत नसे, म्हणून ‘मी खुशाल आहे, इकडे थंडी फार आहे’ एवढेच शाळामास्तर आजीला वाचून दाखवत.

जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या आमच्या घरातली ट्रंक भिजली. पत्रे कॉपिंग पेन्सिलीने, म्हणजे शिशात विरघळणारा रंग मिसळलेल्या पेन्सिलीने, लिहिलेली असल्यामुळे पाणी लागताच अक्षरे जांभळी होऊन पसरली. घाईघाईने एक पत्र आम्ही दुसरीकडे लॅमिनेट करून घेतले. आत राहिलेल्या ओलीने ते पुरते डागाळले, याची हळहळ अजून जात नाही.

येथील मालकांनी आधी प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी स्कॅनिंग केले, गंजलेल्या टाचण्या स्वतः सोडवल्या आणि मगच पत्रे टीपकागदात ठेवली. त्या गठ्ठ्यात मनीऑर्डरची एक पोचपावती होती. आजीला लिहिता येत नसल्याने पैसे मिळाल्याची खूण म्हणून तिने त्यावर अंगठा उठवला होता आणि ती पावती टपालाने इटलीपर्यंत जाऊन आजोबांबरोबर परत आली होती. एवढ्या वर्षांत तिच्या हातचे त्यांच्याजवळ पोहोचलेले बहुधा तेवढेच. अंगठा एका बाजूला आणि टपालाचा शिक्का दुसऱ्या बाजूला आहे, हे मालकांच्याच ध्यानात आले. त्यांनी दोन्हीकडून काच असलेली चौकट सुचवली. आता अंगठ्याच्या रेषा उजेडात स्पष्ट दिसतात.

काम तीन आठवड्यांचे सांगून दोन महिने लागले आणि त्यासाठी चिपळूणहून चार खेपा झाल्या, एवढी एक तक्रार आहे. दर वाजवी वाटले. कागद नेताना उन्हात वाळवू नयेत आणि घड्या जबरदस्तीने उलगडू नयेत, असे मालकांनी बजावले आहे. उरलेली चार पत्रे आम्ही गणपतीनंतर तशीच नेणार आहोत.