मीटिऑर, नऊ महिने आणि ते दहा सेकंद

मीटिऑर (जावास्क्रिप्टमध्ये वेब ॲप बनवायची चौकट) वापरून केलेल्या सोसायटीच्या ॲपचा सर्व्हर गेल्या रविवारी बदलला आणि जुनं दुखणं परत वर आलं. टाकीची पातळी पुन्हा दहा सेकंद उशिरा दिसायला लागली. त्याच खड्ड्यात दुसऱ्यांदा पाय घातला, म्हणून हे लिहायला बसलोय.

घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना टँकर म्हणजे काय ते सांगायला नको. कुठला कधी आला, अर्धाच रिकामा करून गेला का, यावरून आमच्या दर मीटिंगला भांडण. मला एवढंच हवं होतं की वॉचमनने गेटवर मोबाइलमध्ये नोंद केली की सेक्रेटरीकाकांना घरबसल्या तेव्हाच दिसावी. मीटिऑर घेतलं ते यासाठीच. डेटाबेसमध्ये नोंद पडली की ब्राउझरमधली यादी आपली आपण बदलते, सॉकेटचा (सर्व्हर आणि ब्राउझर सतत जोडून ठेवण्याचा) कोड लिहावा लागत नाही. वर एमआयटी परवाना, म्हणजे फुकट. दोन संध्याकाळींत चालू झालं. काकांचा पाचव्या मजल्यावरून फोन, "आत्ता आला ना रे? दिसला बघ!" त्या दिवशी मीटिऑरला पाचपैकी सहा दिले असते.

मग चटके. पहिला माझ्या आळसाचा. प्रोजेक्ट बनवताना ‘प्रोटोटाइप’ पर्याय दिला होता, त्यात ऑटोपब्लिश येतं, म्हणजे अख्खा डेटाबेस प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये. बी विंगमधल्या कॉलेजच्या पोराने कन्सोल उघडून टँकरचे दर मला वाचून दाखवले. ऑटोपब्लिश आणि इनसिक्युअर (ब्राउझरमधून कुणालाही डेटाबेसमध्ये लिहू देणारं), दोन्ही पॅकेजेस त्याच रात्री काढली. दुसरा चटका जुन्या ट्युटोरियल्सचा. मीटिऑरची आवृत्ती २ फायबर्सवर (उत्तराची वाट बघणारा कोड सरळ ओळीत लिहू देणारी सोय) उभी होती, फायबर्स नोड १६ वर (नोड म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) चालेना, त्यामुळे सगळा गाडा नोड १४ वर अडकलेला. जुलै २०२४ मध्ये आवृत्ती ३ आली, फायबर्स गेले, आणि सर्व्हरवर साधं ‘फाइंडवन’ (एक नोंद शोधायची आज्ञा) लिहिलं की एरर. ‘फाइंडवन असिंक’ लिहा आणि पुढे अवेट लावा. तुमचा व्हिडिओ त्याआधीचा असेल तर बंद करा, वेळ वाचेल.

आता ते दहा सेकंद. खालच्या टाकीत सेन्सर बसवला. त्याचे आकडे एक वेगळी छोटी नोड स्क्रिप्ट थेट मोंगोमध्ये (मीटिऑर वापरतं तो डेटाबेस) टाकते. घरी लॅपटॉपवर आकडा क्षणात हलायचा. सर्व्हरवर टाकलं की तोच आकडा आठ-दहा सेकंद ढिम्म. वॉचमनची टँकरची नोंद मात्र लगेच दिसायची, म्हणून मी सेन्सरवाल्याला दोन वेळा फोन करून छळलं. तो बिचारा निर्दोष निघाला. काका म्हणाले, "अरे, दहा सेकंदांत काय पाणी आटतंय का?" आटत नाही हो. पण लगेच दिसावं म्हणूनच हे घेतलं होतं ना! दहा सेकंदांनीच बघायचं असतं तर पान रिफ्रेश करणारी एक ओळ लिहून मोकळा झालो असतो. दोन आठवडे मी जेवताना हाच विषय. बायकोने मीटिऑरचं नाव घ्यायला बंदी घातली.

इथे मला मत बदलावं लागलं. मीटिऑर मोंगोच्या ऑपलॉगवर, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदवहीवर, कान ठेवून असतं, म्हणून बाहेरून कोणी लिहिलं तरी त्याला लगेच कळतं. ऑपलॉग मिळाला नाही तर ते दर दहा सेकंदांनी स्वतः जाऊन क्वेरी पुन्हा मारतं. स्वतःच्या हातून झालेलं लिखाण मात्र त्याला माहीत असतं, म्हणून वॉचमनची नोंद वेळेवर. लॅपटॉपवर मीटिऑर स्वतःचा मोंगो रेप्लिकासेट (एकाच डेटाच्या प्रती ठेवणारा मोंगोंचा गट, ऑपलॉग त्यातच मिळतो) करून उठवतं, त्यामुळे तिथे रोग दिसतच नाही. सर्व्हरवर हे आपण करायचं: मोंगोला रेप्लिकासेटचं नाव देऊन सुरू करा, शेलमध्ये एकदा इनिशिएट करा, आणि ऑपलॉगचा पत्ता ‘लोकल’ डेटाबेसकडे वळवा. एकाच मशीनचा रेप्लिकासेट चालतो, दुसरा सर्व्हर भाड्याने घ्यायला नको. पाच मिनिटांचं काम. पण ऑपलॉग दिलाच नाही तर मीटिऑर गपचूप मागच्या दाराने काम चालू ठेवतं, सुरू होताना एक ओळसुद्धा बोलत नाही, हा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

बाकी? एक जीबीच्या स्वस्त सर्व्हरवर बिल्ड करायला गेलात तर मधेच ‘किल्ड’ येतं. मी बिल्ड घरी करतो आणि तयार गठ्ठा वर चढवतो. मोठा सर्व्हर घ्या म्हणून सुचवणाऱ्यांनी आमच्या मेंटेनन्सच्या मीटिंगला येऊन खजिनदारांना पटवून दाखवावं.

चार तारे. पाचवा त्या न दिलेल्या एका ओळीपायी गेला.

टँकरची कागदी वही अजून गेटवर आहेच, ड्रायव्हरची सही लागते. रेप्लिकासेटच्या कमांडा रविवारी तिच्याच शेवटच्या पानावर लिहून ठेवल्या. वॉचमनला वाटतंय, नवीन टँकरवाल्याचा नंबर आहे.