७०० रुपयांचं १ टीबी मेमरी कार्ड आणि बाबांचे व्हिडिओ

मंडळी, फोन भरला म्हणून कोणी स्वस्तातलं मेमरी कार्ड घ्यायच्या विचारात असेल तर आधी हे वाचा. माझं गेलं ते काही परत यायचं नाही, तुमचं तरी राहू दे.

आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. फोन १२८ जीबीचा, आणि दोन महिने रोज तेच, स्टोरेज फुल. डिलीट करायला हात धजेना कारण त्यात बाबांचे व्हिडिओ होते, बाबा मागच्या वर्षी गेले. जेल रोडला कव्हर घ्यायला गेले होते तिथे एका दुकानात १ टीबीचं, म्हणजे हजारेक जीबीचं, कार्ड दिसलं, ७०० रुपये. मी विचारलं इतकं स्वस्त कसं, तर म्हणाला, "दीदी, बिना बिल का माल है इसलिए." लगेच माझ्याच फोनमध्ये घालून सेटिंग उघडून दाखवलं, खरंच एक टीबी लिहून आलं. आता फोन स्वतःच सांगतोय म्हटल्यावर मला पण शंका आली नाही.

घरी आल्यावर रोज रात्री थोडं थोडं कार्डावर टाकत गेले. आधी व्हॉट्सअ‍ॅपचा थोडा पसारा, मग लग्नाकार्यांचे फोटो, आणि सगळं नीट चालतंय अशी खात्री झाल्यावर अगदी शेवटी बाबांचं फोल्डर. जिवापाड जपायचं म्हणून शेवटी ठेवलं होतं हो. आणि कॉपी नाही केलं, मूव्ह केलं, म्हणजे फोनमधून गेलंच. जवळजवळ ७० जीबी मोकळं झालं, मला इतकं बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी रंगपंचमीचा व्हिडिओ लावायला गेले. राजवाड्याची गेर, म्हणजे रंगपंचमीची रंग उडवत जाणारी मिरवणूक, बघायला बाबांना मामांच्या गॅलरीत नेलं होतं, खालून रंग उडाला तो चष्म्यावर आला आणि ते चष्मा पुसत पुसत हसतायत, असा. नाव होतं, तारीख होती, साइजसुद्धा बरोबर, पण चालेना. दुसरा लावला, तोही नाही. फोटो उघडले तर नुसते राखाडी चौकोन.

भाचा आला, त्याने जे उघडत होतं ते लॅपटॉपवर काढून घेतलं आणि एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम लावला. तो कार्डावर फाइली भरतो आणि परत वाचून बघतो. बऱ्याच वेळाने निकाल आला, खरी जागा २९ जीबीच्या आसपास. म्हणाला, "मावशी, हे ३२ जीबीचंच कार्ड आहे, आतल्या चिपला एक टीबी सांगायला लावलंय." फाइलींची यादी कार्डाच्या सुरुवातीला लिहिली जाते म्हणून नावं दिसत राहतात, पण खरी जागा संपल्यावर पुढचं कुठे लिहिलंच जात नाही. काही कार्डं तर पुढचं आधीच्यावरच लिहितात. म्हणजे गुड मॉर्निंगचे फोटो शाबूत राहिले आणि शेवटी टाकलेले बाबा गेले. गेलेल्या फाइली परत काढून देणाऱ्या रिकव्हरीवाल्याकडेही गेलो, तो म्हणाला जे लिहिलंच नाही ते काढणार कुठून.

दुकानदार म्हणे तुमच्याच फोनमध्ये व्हायरस आहे. बिल नाही, काय बोलणार. १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार घेतली पण बिल तिथेही मागितलंच. म्हणून बिलाशिवाय कार्ड घेऊच नका, आणि १ टीबीचं खरं कार्ड काही हजारांना असतं, शेकड्यात मिळत असेल तर ते तसलंच समजा. नवीन कार्ड आणलं की आधी टेस्ट लावा. मूव्ह करू नका, कॉपी करा, कार्ड काढून परत घाला, त्यातल्या शेवटच्या फाइली उघडून बघा, मगच फोनमधलं काढा.

आणि मला कार्डाची गरजच नव्हती, हे जास्त लागतंय. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज, तिथे ५ एमबीच्या वरचं आणि खूपदा फॉरवर्ड झालेलं वेगळं दिसतं. भाच्याने तेवढंच साफ केलं तर १९ जीबी निघाले. गूगलची १५ जीबी जागा फुकट असते, जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून, बाबांचे व्हिडिओ त्यात आरामात बसले असते.

देवासच्या आत्तेबहिणीला त्या गेरचा एक छोटा तुकडा मी तेव्हाच पाठवला होता. तिच्याकडे तो निघाला. ४० सेकंदांचा आहे, चष्मा पुसायच्या आधीच संपतो.